इथलं नाव

गोऱ्या बाईनं संत्र्याची फोड सोलली, बी काढली आणि मुलीच्या तोंडात घातली. पांढुर्णा स्टेशनच्या फलाटावर समोरच्या बाकावर बसलेल्या गायत्रीच्या अंगाचा तिळपापड झाला.

मुलगी असेल पाचेक वर्षांची. सावळी, टपोऱ्या डोळ्यांची, इथल्याच मातीतली. एका पायातल्या बुटाला जाड तळ लावलेला होता. गोरा बाप कागदांची फाईल पोटाशी धरून बसला होता आणि त्यांना नागपूरपर्यंत पोचवायला निघाल्या होत्या शिशुगृहाच्या जयश्री मॅडम. याच मॅडम चार वर्षांपूर्वी गायत्रीचं घर तपासायला आल्या होत्या. पगार किती, आजार कोणते, मूल रात्री रडलं तर कोण उठणार, सगळं खोदून खोदून विचारून गेल्या. त्यानंतर आजतागायत काही म्हणता काही हललं नव्हतं.

"मामाजी, पाहा," ती शेजारी बसलेल्या सासऱ्यांना म्हणाली. "आपण चार वर्षांपासून वाट पाहून राहिलो, अन् हे लोक विमानातनं उतरले अन् लेकरू घेऊन चालले."

"अवं, गोऱ्या कातडीले कुठं रांग असते?" मोरेश्वर गुरुजी पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "सारे चोर हायेत. तू नोको लागू त्याईच्या नादी."

गुरुजींना या विषयाचा भारी संताप. दत्तकाचा फॉर्म त्यांनीच कॉम्प्युटरवाल्याकडे तीन दुपारी बसून भरला होता. गायत्रीचा नवरा सौरभ सौंसरकडच्या कारखान्यात कामाला. तिथं मोबाइल गेटवरच जमा करावा लागे आणि गायत्रीकडे स्वतःचा मोबाइल नव्हता, म्हणून फॉर्मवर नंबर गुरुजींचा. दर महिन्याला गायत्री विचारी, "काही आलं का?" आणि दर महिन्याला गुरुजी मोबाइल खिशात कोंबून सरकारचा उद्धार करत. मोहगावच्या आत्याबाईंसमोर तर एकदा ते म्हणाले होते, "माह्या सुनेच्या ओटीत लेकरू नाही पडलं, तं मी दिल्लीले जाऊन उपोषणाले बसन." त्या एका वाक्याच्या जोरावर गायत्रीनं दोन वर्षं काढली.

आज मात्र तिला राहवेना. भाचीच्या साखरपुड्याची पिशवी तिनं गुरुजींच्या पायाशी ठेवली आणि तरातरा समोर गेली.

"ओळखलं का मॅडम?"

"ओळखलं ना." आवाज कोरडा होता.

"घर पसंत होतं ना तुमाले आमचं? मंग आमाले सोडून याईले काऊन?"

जयश्री मॅडमनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. "हे तुम्ही विचारून राहिल्या?"

"मी नाही तं कोण विचारन?"

काय हा तोरा, गायत्रीच्या मनात आलं. सरकारी खुर्ची मिळाली की माणसाची जीभच बदलते.

"बाई, परदेशी लोकांचा नंबर शेवटी लागते," मॅडम म्हणाल्या. "आधी इथल्या लोकांना दाखवतात. फोटो, नाव, तब्येतीचा रिपोर्ट, सगळं मोबाइलवर जाते. ठरल्या वेळात हो म्हणा लागते. इथं कोणीच हो नाही म्हटलं, तेव्हा बाहेर. यांचंही घर तिकडच्या संस्थेनं तपासलं. मग दिल्लीची ना-हरकत, मग कलेक्टरसाहेबांचा आदेश, मग पासपोर्ट. दोन वर्षं लागले यांना. पाय पाहून मागं नाही हटले, एवढंच."

गायत्रीच्या रागानं दिशा बदलली, पण जोर तोच राहिला.

"मंग हिले नाही म्हणणारं होतं तरी कोण?"

"नाव नाही सांगता येत. पण पहिलं घर याच गावचं होतं."

"तळपट होवो त्याईचं!" गायत्री अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशी कडाडली. "एका पायासाठी असं गोड लेकरू नाकारलं? त्याईच्या अंगणात जन्मात लेकरू खेळू नाही!"

मागं बाकावर पेपर खसफसला. गायत्रीनं डोळे पुसले आणि मुलीकडे पाहून हलकेच विचारलं, "नाव काय हो हिचं?"

"हे लोक सोफिया म्हणतात. इथलं नाव बाहेर सांगत नाही आम्ही, नियम आहे. ते आम्हाला ठाऊक, अन् ज्यांना दाखवलं त्यांना."

तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली. गोरी बाई सामान आवरायला वाकली आणि तिच्या मांडीवरचं संत्रं घरंगळत निघालं. मुलगी लंगडत त्याच्यामागं धावली. संत्रं फलाटाच्या कडेकडे, मुलगी संत्र्यामागं.

"सोफिया! सोफिया!" बाई किंचाळली. मुलीनं मागं पाहिलंसुद्धा नाही. ते नाव अजून तिचं झालंच नव्हतं. गायत्रीचे पाय जागीच खिळले. इंजिन फलाटात शिरत होतं.

"गुलाब! ए गुलाब, मागं हो बेटा!"

मुलगी कडेपासून दोन पावलांवर थबकली आणि वळली. बापानं झेप घालून तिला उचललं. जयश्री मॅडमनी चमकून बाकाकडे पाहिलं. त्यांच्या पाठोपाठ गायत्रीनं पाहिलं.

हाक मामाजींनी मारली होती.