मालक सापडला

गल्लीच्या टोकाच्या रिकाम्या प्लॉटवर अकरा वर्षं जो तो कचरा टाकत होता आणि नोटिसा पाठवून पाठवून नगरपालिका थकली, तरी मालक काही सापडत नव्हता. शेवटी रिटायर्ड हेडबाईंनी अख्ख्या गल्लीला कामाला जुंपलं. चार रविवार घाम गाळून आम्ही सात ट्रॉल्या घाण उपसली, झाडं लावली, दोन बाकही टाकले.

पाचव्या रविवारी मालक स्वतः हजर! तारेचं कुंपण ठोकलं, पाटी लावली: 'स्वच्छ, हिरवागार प्लॉट विकणे आहे.' वर आम्हालाच म्हणाला, "जरा लक्ष ठेवा हं, कुणी घाण करायला नको."



संध्याकाळी कुंपणावरून पहिल्या दोन पिशव्या हेडबाईंनीच भिरकावल्या. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा.