कपाटातलं गाणं

लेक जाऊन तीन महिने झाले, तरी शिंपीणबाईंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

एका दुपारी त्या लेकीच्या कपाटात शिरल्या, टांगलेल्या कपड्यांत बसल्या, दार ओढून घेतलं आणि तिचे हेडफोन कानाला लावले. लेक इथंच बसून गाणी रेकॉर्ड करायची. ती त्याला ब्लॅक मेटल म्हणायची. शिंपीणबाई म्हणायच्या, भोकाड पसरणं.

संथ, कुढणारी गिटार, आणि तिच्यामागे लेकीचा आवाज. शब्द नव्हतेच, नुसता आक्रोश. शिंपीणबाईंना रडू फुटलं. तीन महिने त्यांच्या छातीत अडकलेलं सगळं लेक आधीच ओरडून गेली होती.

मध्येच दारावर थाप पडली. "बास कर गं ते! जेवायला ये."

त्यांचाच आवाज, रेकॉर्डिंगमध्ये शिरलेला. ऐकवेना, म्हणून त्यांनी हेडफोन काढले.

थाप पुन्हा पडली. पाठीला टेकलेलं दार हादरलं.

"ऐकतेस ना? गार होतंय सगळं."

'आले' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि गळ्यातून निघाला तो लेकीचा आक्रोश, तसाच, आवरता न येणारा.



"बस मग रडत," त्यांचाच आवाज म्हणाला, आणि त्यांचीच पावलं स्वयंपाकघराकडे निघून गेली.