काट्यावरचा कॅम्पर

"तीनशे दहा पौंड जास्त," भोंगा म्हणाला.

डेल्बर्ट हॉगनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण भोंगा गव्हाच्या कोठाराच्या वजनकाट्यावरचा होता. त्यातून चुकीचं ऐकायला माणूस पलीकडच्या गावात असावा लागतो.

"लाइल, काटा नीट बघ!" त्याने पिकअपच्या खिडकीतून ओरडून सांगितलं.

"सर, सकाळपासून अख्ख्या पंचक्रोशीचा गहू मोजतोय हा. कुणाची तक्रार नाही."

काट्यावर बसणारा लाइल शाळेत डेल्बर्ट मास्तरांच्या सुतारकामाच्या वर्गात होता. त्याच्या स्टुलाला डेल्बर्टने 'फार हलकं' म्हणून नापास केलं होतं. आज त्याच्या आवाजात थोडा उत्साह होता, तो मनुष्यस्वभाव म्हणायचा.

डेल्बर्टने हा कॅम्पर वसंतात एका विधवेकडून घेतला होता. पिकअपच्या पाठीवर बसवायची जुनी खोली: पलंग, शेगडी, बसण्यापुरतं टेबल. छत कोपऱ्यात गळतंय, एवढंच ती म्हणाली होती. डेल्बर्टने तो कोपरा उचकटला, तर अख्खी भिंतच हातात आली. पत्र्याच्या आत लाकूड उरलंच नव्हतं. दुधात बुडवलेल्या पावासारखं काहीतरी होतं. कारखान्याने सांगाडा बोटभर रुंदीच्या पट्ट्यांचा केला होता. दुसऱ्या कुणी तसल्याच पट्ट्या पुन्हा ठोकल्या असत्या. डेल्बर्टने ओकचं भरभक्कम लाकूड लावलं. सांगाडा ओकचा, कपाटं ओकची, टेबल ओकचं, संडासाचं झाकणसुद्धा ओकचं.

"जड नाही का होणार?" आर्डिसने मध्ये एकदा विचारलं होतं.

"मजबूत होईल," डेल्बर्ट म्हणाला होता. त्यांच्या संसारात प्रश्नोत्तरं अशीच चालत.

आर्डिस गव्हात जन्मली, गव्हात वाढली आणि गव्हातच तिचं लग्न झालं. समुद्र तिने पाहिला नव्हता. ऑरेगनचा किनारा तिला लग्नातच कबूल झाला होता. मग एका वर्षी शाळेचं छप्पर निघालं, एका वर्षी दिराची कापणी अडली, एका वर्षी चर्चचं स्वयंपाकघर नव्याने बांधायचं ठरलं. यंदा काहीही निघालं नव्हतं. आज सकाळी घराला कुलूप घालून दोघं निघाले होते, ते थेट समुद्राकडे. मध्ये फक्त हा काटा होता. गाडीच्या दारावर लिहिलेल्या वजनाच्या वर पौंडभरही न्यायचं नाही आणि मोजायचं ते माणसांसकट, असा डेल्बर्टचा नियम होता.

आधी पाण्याची टाकी रिकामी केली. मग आर्डिस कॅम्परमध्ये चढली.

"ते बिडाचे तवे कशाला? कागदी बशा घेऊ," डेल्बर्ट खालून म्हणाला. तवे उतरले.

"रजया? ऑगस्टमध्ये?"

"समुद्रावर रात्री गार असतं म्हणतात."

"म्हणतात!"

रजया उतरल्या. लोणच्यातल्या बिटाच्या बरण्या उतरल्या, शिलाईचं यंत्र उतरलं, दोन घडीच्या खुर्च्या उतरल्या. दर वेळी दोघं गाडीत जाऊन बसत आणि भोंगा आकडा सांगे. मागे गव्हाच्या ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि हॉर्न वाजत होते.

"मास्तर, आटपा!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. "गहू ट्रकमध्येच उगवायला लागला!"

"एकशे साठ जास्त," भोंगा म्हणाला.

गवतावर आर्डिसचा संसार असा मांडला होता, की येणाऱ्याजाणाऱ्याने थांबून भाव विचारावा. तिच्या मालकीचं आत आता काही उरलं नव्हतं.

"तुझी हत्यारांची पेटी?" तिने विचारलं.

"वाटेत काही तुटलं म्हणजे?"

"ओक तुटतो?"

डेल्बर्ट समोरची काच पुसू लागला.

"मग एखादं कपाट काढ."

"निघणार नाही. सांधे असे बसवलेत, की काढायचे तर करवतच लावावी लागेल." ही गोष्ट त्याने अशा प्रसंगीही अभिमानानेच सांगितली. मग त्याने तिच्या गुडघ्यावर थोपटलं. "हे बघ, यंदा राहू दे. हिवाळ्यात मी सगळं उसवतो, हलकं लाकूड लावतो. पुढच्या वर्षी नक्की जाऊ."

आर्डिस काही बोलली नाही. डेल्बर्टने नेहमीप्रमाणे त्याचा अर्थ होकार असा घेतला. गाडी मागे घ्यायला जागा हवी होती, म्हणून तो उतरला आणि रांगेतल्या पहिल्या ट्रकवाल्याला 'मागे सरक' असे हात करू लागला.

भोंगा खरखरला. बराच वेळ नुसताच खरखरला.

"सर," लाइल म्हणाला. त्याच्या आवाजातला उत्साह गेला होता. "सर, आता बसतंय. वर पन्नास पौंड शिल्लक."

डेल्बर्टचा चेहरा उजळला. "आर्डिस! काय काढलंस?"

त्याने गवताकडे पाहिलं. तिथे नवं काही नव्हतं. मग त्याने गाडीकडे पाहिलं. आर्डिस स्टिअरिंगमागे सरकली होती आणि त्याची सीट स्वतःच्या मापाने पुढे ओढत होती. तिने आरसा आपल्याकडे वळवून घेतला. मागचे हॉर्न एकदम थांबले. कुणीतरी ट्रकचं इंजिनसुद्धा बंद केलं.

डेल्बर्ट खिडकीपाशी आला. त्याला काहीतरी ठणकावून सांगायचं होतं, पण तोंडातून दोनच शब्द बाहेर पडले.

"आणि मी?"

आर्डिसने गिअर टाकला. ती रागावलेली दिसत नव्हती.

"तू ये की पुढच्या वर्षी," ती म्हणाली.