गच्चीवरचा पाइप

कल्याणला गोपीनाथ पाटलाने बंगल्याच्या तळघरात नवं न्हाणीघर काढलं. हवेचा पाइप नंतर लावू म्हणत त्याने मजूर नाथाला न्हाणीघराखालच्या संडासाच्या बंद टाकीत उतरवलं. नाथा आतच गुदमरून मेला. मग पाइप गच्चीपर्यंत चढला; टाकीला आणि न्हाणीघराला हवा तेवढ्यातूनच.

नाथाची बायको शकू त्याच घरी धुणं धुवायची. गच्चीवर कपडे वाळत घालताना तिला पाइपातून श्वास ऐकू यायचा, मध्येच नाथाचा ओळखीचा खोकला. ती घाबरली नाही. कुणाजवळ बोललीही नाही.

एका सकाळी पाटील आंघोळीला खाली उतरला. शकूने पाइपाच्या तोंडाशी ओठ नेले.

"अवं, गेला आत."

पाइपातला श्वास थांबला. तळघरात पाटील दार बडवू लागला.

"दार मी धरलंय," पाइपातून नाथा म्हणाला, "तू वरनं बोळा कोंब."

शकूने बादलीतलं पाटलाचंच ओलं धोतर उचललं.