पहिला आकडा

वीज कंपनीची गाडी वस्तीत शिरली, तशी आई शेजारणींना सांगू लागली, "माझी रेश्मा आलीय. मीटर बसवणार आता."

कंपनीच्याच शिष्यवृत्तीवर आयटीआय केलेल्या रेश्माचा शिकाऊ वायरमन म्हणून हा पहिलाच आठवडा. कुठे जायचंय, ते तिला गाडीत बसल्यावर कळलं होतं.

"मीटर नाही गं आई. आकडे काढायला आलोय."

आईने वर पाहिलं. खांबावरच्या तारांना अख्ख्या वस्तीचे चोरून टाकलेले आकडे लटकत होते. मग तिने लेकीची शिडी दोन्ही हातांनी धरली.

"आपला आधी काढ. नाहीतर उद्या वस्तीवाले इथे राहू देणार नाहीत."

रेश्माने काढला. त्याच शिष्यवृत्तीचा अभ्यास करणाऱ्या धाकटीची बिनखिडकीच्या खोलीतून हाक आली, "आई, लाईट गेली. ताईला फोन करून विचार ना, कधी येईल."