घुमटातलं आभाळ

आप्पांनी यंत्राच्या पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवली. आत कुठेही ठिणगीएवढा उजेड दिसला की बटण दाबायचं; प्रत्येक ठिणगीसोबत यंत्र टिक वाजायचं. काचबिंदूवर लेकीने शोधलेल्या थेंबांनी त्यांची नजर टिकतेय का, ते त्यावरून ठरणार होतं. आप्पा दाबत सुटले, जणू आभाळ चांदण्यांनी गच्च भरलंय. लेकीने यंत्र थांबवलं. "आप्पा, मगाशी यंत्र नुसतंच वाजलं. उजेड नव्हताच, तरी तुम्ही दाबलंत." आप्पा ओशाळले. "आवाजावरच दाबत होतो गं. म्हटलं, तुझं औषध नापास व्हायला नको." "आणि उद्या हजारो लोक तेच डोळ्यांत घालतील, त्यांचं काय? लबाड कुठले!" ते हसले, पुन्हा वाकले. तिने आवाज बंद करून यंत्र पुन्हा सुरू केलं. डावीकडे एक ठिणगी उमलली, विझली. मग वर. मग कडेला, चांगली ठळक. बटण गप्प. आप्पा शांतपणे वाट पाहत होते. "काय गं," त्यांनी विचारलं, "सुरू कधी करतेस?"