निळ्या पेन्सिलीची अक्षरं

"चित्रं काय, मी सांगितली तशी यांनी काढली!" लेखक तात्या गुळवे माइकवरून म्हणाले. 'गोफणवाली गोजी' या चित्रकथेवर तीस वर्षं त्यांचं एकट्याचंच नाव छापून येत होतं. शेवटच्या रांगेत बसलेल्या चित्रकार कुमुदताईंनी नुसता चष्मा पुसला.

मूळ चित्रांचं प्रदर्शन भरवायची हौसही तात्यांचीच. पडदा सरकला, लोक भिंतीपाशी गेले आणि कुजबुज सुरू झाली. प्रत्येक चित्राच्या समासात फिक्या निळ्या पेन्सिलीची अक्षरं होती. छपाईच्या कॅमेऱ्याला ती निळी रेघ दिसत नाही, म्हणून एकमेकांना निरोप दोघंही त्या पेन्सिलीनंच लिहीत. तात्या हे साफ विसरून गेले होते.

एका तरुणीनं मोठ्यानं वाचलं, "कुमुदताई, पुढचं काही सुचत नाही. याही वेळी गोष्ट तुम्हीच रचा. तुमचा तात्या."

पुढच्या चित्रावर तेच. त्याच्या पुढच्याही.

सगळं सभागृह मागे कुमुदताईंकडे वळून टाळ्या वाजवू लागलं. तरुणीनं गोजीचा जुना अंक सहीसाठी त्यांच्यापुढे केला, सोबत पर्समधली निळी पेन्सिलही.

"पेन्सिल नको गं," म्हणत कुमुदताई व्यासपीठाकडे गेल्या आणि तात्यांच्या खिशातलं काळ्या शाईचं पेन त्यांनी अलगद काढून घेतलं. "आता नाव छापून आलंच पाहिजे."